डाव्या हाताचं धनुष्य

ड्रायव्हरच्या सीटमागे एक उशी आहे. तिला खोळ नाही.

बांबू चांदण्यात तोडला की त्याला भुंगा लागतो, असं म्हणतात.

एक डोळा झाकायला एक तळहात पुरतो. कोणता डोळा झाकला, हे कुणी फारसं बघत नाही.

राजूरच्या अलीकडे एक कुत्रं. ते वाचलं.

शालू रस्त्यानं चालताना नवऱ्याच्या उजव्या बाजूनं चालते.

*

नवरा म्हणजे रामप्रसाद. बियाण्यांच्या एका कंपनीची बस चालवतो. सकाळी धावड्याहून बाया भरायच्या, जालन्यात गेटवर उतरवायच्या, संध्याकाळी परत न्यायच्या. दिवसभर बी निवडून बाया इतक्या दमलेल्या असतात की परतीला कुणी बोलत नाही. तोही दमलेला असतो. सगळी बस एका श्वासावर चालते.

त्याच्या उजव्या डोळ्याला काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा सोबत कुणी नव्हतं. घरी आल्यावर तो जेवला आणि झोपला. शालूला सांगायचं राहिलं. मग राहूच दिलं.

सोमवारी कंपनीत डोळे तपासणी. मागच्या वर्षी तो निभावला होता. ‘उजवा झाका’ म्हटल्यावर उजव्या तळहातानं उजवा डोळा झाकला. ‘डावा झाका’ म्हटल्यावर डाव्या तळहातानं पुन्हा उजवाच. तपासणाऱ्यानं मान वर केली नाही. यंदाही तेच करायचं. नाही जमलं तर बस गेली. जमलं तर बायांनी भरलेली बस आणखी एक वर्ष एका डोळ्यावर.

यात धनुष्य कुठून आलं?

केदारखेड्याच्या पुढे, रस्त्याला लागून एक पडीक रान आहे. संध्याकाळी तिथे चार-दोन माणसं लांब धनुष्यं घेऊन उभी असतात. बसमधून ती हलताना दिसत नाहीत. रस्ता दिवसभर अंगावर येतो. रामप्रसादला वाटलं, जी अंगावर येत नाही, जागेवर उभी राहते, अशा एखाद्या गोष्टीकडे बघावं. एवढंच.

*

उंची

रविवारी सकाळी दोघं तिथे गेले. रान बेबीनंदा मॅडमचं. शाळेत त्या खेळ शिकवायच्या, आता रिटायर. पत्र्याच्या शेडमध्ये धनुष्यं खुंट्यांवर टांगलेली, सगळ्यांच्या दोऱ्या सैल करून ठेवलेल्या.

"चाकंवाली, दुर्बीणवाली न्हाईत माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "बांबू, दोरी आन् तुम्ही. बिघडलं तर तुम्हीच बिघडलेले असता."

त्यांनी एकेक धनुष्य त्याच्या शेजारी उभं करून बघितलं. माणसाच्या उंचीएवढं हवं.

"नवरदेवाला उभं केल्यासारखं वाटून राह्यलं," शालू म्हणाली.

*

ओढ

रामप्रसादनं सगळ्यात जाड धनुष्य उचललं.

"नांगराला जुंपायचंय का भाऊ?"

"खांदे मजबूत हायेत मॅडम. बस चालवतो मी."

"आजकालच्या बसला पॉवर स्टेअरिंग असतंय."

शालू हसली. त्यानं दोरी ओढली. ती अर्ध्यातच अडली. मॅडमनी धनुष्य काढून घेतलं आणि एक हलकं दिलं.

"पहिलं वर्ष हलकंच. जड धनुष्याची एक खोड असते. माणूस अर्ध्यातूनच बाण सोडतो आन् म्हणतो, बराबर ओढलं होतं."

*

डोळा

"आता डोळा बघू," मॅडम म्हणाल्या.

रामप्रसादनं धनुष्य भिंतीला टेकवलं. "डोळा कशाला?"

"डोळ्यावरूनच ठरतं, उजव्या हाताचं घ्यायचं का डाव्या. दोन्ही हात पुढं करा. मधी चिंचोक्याएवढं भोक ठेवा. दोन्ही डोळे उघडे. त्यातून तिकडं निशाणाचं पोतं दिसतंय का? आता हळूहळू हात तोंडाकडं आणा. पोतं सोडायचं न्हाई."

झाकायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हात पोत्याला धरून आले आणि डाव्या डोळ्यावर येऊन थांबले.

"डावा," मॅडम म्हणाल्या. "लई जणांचं असतंय असं. हात उजवा आन् डोळा डावा. मंग डाव्या हाताचं घ्यायचं. हात शिकतो, डोळा शिकत न्हाई."

"मी उजवाच हाये बिलकुल."

"गिअर कोन्त्या हातानं टाकता?"

त्यानं डाव्या हाताकडे बघितलं. गिअर डाव्या हाताला असतो.

"उजव्याचंच द्या," तो म्हणाला.

मॅडमनी दिलं. बाण टेकवायची खाच डाव्या अंगाला असलेलं. त्यानं दोरी उजव्या गालापर्यंत ओढली. बाण उजव्या डोळ्याखाली आला आणि त्या डोळ्यापुढच्या धुरात गेला. सुटला तो पोत्याच्या बऱ्याच बाजूनं, शेजारच्या तुरीत.

"दुसरा मारा. डावा डोळा झाका आन् नुसत्या उजव्यानं आधी पोतं बघून घ्या. कुठं चुकतंय ते कळंल."

रामप्रसादनं धनुष्य उजव्या हातात घेऊन डावा तळहात वर नेला. तळहात नाकावरून पलीकडे गेला आणि उजव्या डोळ्यावर बसला.

"डावा म्हणले मी, भाऊ."

हात तिथेच राहिला. त्याला स्वतःलाच उशिरा कळलं. पोतं स्वच्छ दिसत होतं, त्यावरचा खताचा शिक्काही. रामप्रसादच्या उजव्या बाजूला शालू उभी होती. ती दिसत नव्हती, तिच्या बांगड्या वाजल्या.

"मॅडम," ती म्हणाली, "यान्ला डाव्या हाताचं द्या."

*

बाण. त्याच्या हाताच्या मापानं. हलक्या धनुष्याला नरम काडीचे, नाहीतर वाकडे जातात. मनगटाला चामड्याचा पट्टा, बोटांना चामडं. दोरी वापरून झाली की सैल करायची, नाहीतर बांबू वाकलेलाच राहतो. हे सगळं मॅडम शालूला सांगत होत्या. तो ऐकत नव्हता.

*

स्टँडकडे जाताना धनुष्य शालूच्या खांद्यावर. मागून ट्रक गेला, तिच्या अंगावरून वारा आला.

"औषधाचे थेंब टाकता का?" तिनं विचारलं.

"टाकतो. गाडीत ठेवलेत, सीटमागं. उशीखाली."

"घरी ठेवत जा."

चालता चालता तो म्हणाला, "राजूरला कुत्रं मधी आल्तं. मला दिसलं न्हाई. बाया वरडल्या तवा ब्रेक दाबला."

"हं."

"तुला कवापासून माहीत हाये?"

"जल्दी चला," ती म्हणाली. "ऊन चढून राह्यलं."

*

सोमवार

"उजवा झाका." त्यानं झाकला. सगळी ओळ वाचली.

"डावा झाका."

डावा तळहात वर गेला. मध्ये थोडा थांबला. मग डाव्या डोळ्यावर बसला.

"वाचा."

"दिसत न्हाई."

"वरची ओळ?"

"तुम्ही बी दिसत न्हाई साहेब."

तपासणाऱ्यानं मान वर केली.

चावी त्यानं ऑफिसच्या टेबलावर ठेवली. गेटवरचं काम बघू, असं तिथल्या साहेबानं त्याला सांगितलं. बघू म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही. सीटमागची उशी त्यानं काढून घेतली. संध्याकाळी त्याच बसनं परतला, बायांमध्ये बसून, दुसरा कुणी चालवत होता. एका बाईनं त्याला खिडकीची जागा दिली आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं आदळेपर्यंत पेंगत राहिली. रस्ता अंगावर आला नाही. बाजूनं गेला.

केदारखेड्याला तो उतरला. शालू आधीच येऊन बसली होती, धनुष्य आडवं मांडीवर घेऊन. दोरी चढवायला दोघांचा जोर लागला. डावा हात दोरीला अजून नवखा होता. पहिला बाण जमिनीत गेला. दुसराही.

"पोतं कुठं पळून न्हाई चाललं," मॅडम शेडमधून म्हणाल्या.

तिसरा त्यानं लावला, ओढला आणि सोडलाच नाही. नुसता बघत उभा राहिला.

कवापासून, ते त्याला आता आठवलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोकरदनच्या बाजारातून येताना शालूनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती आणि मागून वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली होती.