बोरीच्या पुलावर थांबलेला मिक्सर

मित्रांनो, मी काँक्रीट कालवणारा एक जुना मिक्सर. कोल्हापूरच्या कारखान्यात घडलो आणि नारिंगी रंग नीट वाळण्याआधीच ट्रकमधून परभणी जिल्ह्यात आलो. पाथरीत गोदामं बांधली, शाळेच्या खोल्या बांधल्या. पण मनात घर करून बसलाय तो बोरीजवळच्या ओढ्यावरचा पूल.

ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीवरच्या मुलांची शाळा बुडायची. म्हणून पूल हवा होता. कामाची सगळी जबाबदारी राजेश्री मॅडमवर होती. सळया बांधायला सिद्धोधनची टोळी, फळ्या आणि टेकू उभे करायला भुजंग मिस्त्री, आणि माझ्यापाशी बायनाबाई. सगळे कामाला चोख. पण जो तो आपापल्यापुरतं पाहायचा.

स्लॅबचा दिवस उजाडला. गावकरी जमले, नारळ फुटला, माझं इंजिन सुरू झालं. तेवढ्यात मॅडमनी हात वर केला.

"जरा बंद करा. सुरू करण्याआधी सांगा, कुणाला कशाची धास्ती वाटते का?"

"आपलं काम पक्कं हाय," सिद्धोधन म्हणाला.

"काई न्हाई," भुजंग मिस्त्री म्हणाले. पण त्यांची नजर पुलाखाली गेली.

मॅडम पुढे गेल्या नाहीत. त्यांच्याजवळच शांत उभ्या राहिल्या. मग मिस्त्री हळूच बोलले, "एका टेकूखालची माती लय नरम लागायलीय. कुणी पाणी सांडलं आसंल म्हून गप बसलो. समदे जमलेत, आता कसं आडवं यायचं?"

मॅडमचा चेहरा उतरला. "काल जवळच्या कालव्याला पाणी सुटलंय. मला ठाऊक होतं, तुम्हाला सांगायचंच राहिलं."

अर्धी गोष्ट यांच्यापाशी, अर्धी त्यांच्यापाशी. दोन्ही जुळल्या तेव्हा उलगडलं की कालव्याचं पाणी झिरपत टेकूंच्या बुडाशी येत होतं. वर ओलं काँक्रीट पडलं असतं, तर स्लॅब माणसांसकट खाली आला असता.

काम थांबलं. ठेकेदार कुरकुरला, गावकरी हिरमुसले. मिस्त्री बोलणी खायच्या तयारीत मान खाली घालून उभे होते. पण मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मिस्त्री बोलले म्हणून आज आपण वाचलो." मिस्त्रींना कुठे पाहावं ते कळेना.

मग चर खणून पाणी वळवलं. टेकूंखाली दगड आणि जाड फळ्या बसवल्या. सळयांची टोळीही आपणहून फावडी घेऊन आली. तेव्हापासून रोज सकाळी सगळे चहाचे पेले घेऊन माझ्याभोवती जमू लागले. कुणाचं काय अडलंय, ते तिथंच कळायचं. त्या गप्पा ऐकायला मला फार आवडायचं.

माती सुकल्यावर स्लॅब ओतला, एकदम मजबूत झाला. मी दिवसभर फिरलो. संध्याकाळी बायनाबाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. "लय साथ दिली यानं," ती म्हणाली. मित्रांनो, एवढी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

पुढे तयार काँक्रीटच्या मोठ्या गाड्या आल्या. मी शेडच्या कोपऱ्यात गेलो. कुणी धुतलं नाही म्हणून पोटात सिमेंट घट्ट बसलं, गंज चढला. वाटलं, संपलं आपलं. पण झरी गावातल्या एका अरुंद बोळात पाण्याच्या टाकीचं काम निघालं आणि गाडी काही आत शिरेना! बायनाबाईनं छिन्नीनं माझं पोट मोकळं केलं. आता मी पुन्हा फिरतोय.

मित्रांनो, काम झालं की यंत्र धुऊन ठेवा. आणि मोठं काम हाती घ्याल तेव्हा एक ध्यानात असू द्या. मी गरगरत असताना शेजारच्याचा शब्दही ऐकू येत नाही. म्हणून आधी थोडा वेळ मला बंद ठेवा, सोबतच्या माणसांना विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा.