छातीइतकं पाणी

शिरे नदीच्या काठी बाम्बो गासितेनी (बाम्बो म्हणजे आमच्याकडे बाबा) हे एकोणतीस वर्षं रोज सकाळी पाण्याची पातळी वहीत लिहीत. नदीतली मोजपट्टी चार मीटरची. मोठ्या पुरात ती बुडाली, की ते तिच्या टोकाइतक्याच उंचीवरच्या काठच्या दगडावर उभे राहत आणि लिहीत: गुडघा. कंबर. छाती.

त्या वह्या कम्प्युटरवर चढवणं माझं काम. तिथली चौकट फक्त आकडे घेई. ‘छाती’ लिहिलं की लाल होई. मी ‘नोंद नाही’ असं टाकून मोकळी व्हायचे.

एकदा ते सुक्या मासळीची पुडी घेऊन कचेरीत आले.

“पोरी, छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलो मी, आणि तू म्हणतेस नोंदच नाही?”

“आकडा द्या, बाम्बो. छाती चालत नाही इथे.”

“मग घे ना मोजून मला! आता काही वाढत नाही मी.”

आम्ही दोघं हसलो. टेप खणातच होती. पुढच्या वेळी बघू, म्हटलं मी. आळस, दुसरं काय!

आमची माहिती सगळ्यांना खुली. बांध घालणाऱ्यांनी ती घेतली, सगळ्यांत मोठा आकडा बघितला, चार, आणि बांध साडेचार मीटरचा केला. त्यांना कशाला बोल लावू? चार मीच सांगितले होते.

मार्चमध्ये पाणी बांधावरून गावात शिरलं. बाम्बो नोंद घ्यायला गेले ते परतलेच नाहीत. दोन दिवसांनी सापडले. वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्याला बांधलेली, कोरडी. शेवटची नोंद: गळा.

दफन झाल्यावर मी टेप घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको एलिटा चटईवर बसली होती.

“अमाई, ते उंचीला केवढे होते?”

“आता पेटीचं माप कशाला, पोरी? पुरलं त्यांना.”

मग मी रडत रडत सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ती उठून दाराला पाठ लावून उभी राहिली.

“माझं कपाळ त्यांच्या गळ्याला लागायचं. लाव टेप.”

एक मीटर बेचाळीस.

“आणि छाती?”

“ती इथे,” म्हणून तिने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशीच उभ्या उभ्या हमसून रडली.

कचेरीत येऊन मी आकडा भरला: पाच पूर्णांक बेचाळीस. चौकटीने तो निमूट घेतला.