दोन अभिनंदनं आणि एक नवस

निकाल लागायच्या आधीच हाजी शौकींनी अभिनंदन करून ठेवलं होतं. तेही दोघांचं.

संत सय्यदी बदवींच्या मशिदीमागच्या त्या गल्लीत लग्न असो की मयत, मंडप, खुर्च्या आणि दिव्यांच्या माळा हाजी शौकींच्याच. तांता शहरात कुणीही निवडून आलं, कुणाला बढती मिळाली, कुणी हजहून परतलं, की हाजींचं अभिनंदनाचं कापड सगळ्यात आधी चौकात झळकायचं. तीस वर्षं ते एकाच राष्ट्राध्यक्षाचं अभिनंदन करत आले होते. काम सोपं होतं, कापडही तेच धुऊन वापरता यायचं. क्रांतीनं त्यांचं एवढंच नुकसान केलं. आता उमेदवार दोन उरले होते, जुन्या राजवटीतले जनरलसाहेब आणि इखवान या धार्मिक संघटनेचे दाढीवाले प्राध्यापक, म्हणून कापडंही दोन. दोन्हींवर शेवटी ‘शुभेच्छुक: हाजी शौकी आणि पुत्र’. हाजींना तीन मुलीच होत्या. पण ‘आणि पुत्र’ लिहिलं की कापड भरून दिसतं.

निकालाच्या दुपारी अख्खी गल्ली डॉक्टर इहाबच्या औषधाच्या दुकानासमोर जमली होती. तिथला टीव्ही मोठा आणि पंखा चालू. पुढच्या खुर्चीवर हज्जा नफीसा नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मत त्यांनी दिलं होतं, बोटाला अजून जांभळी शाई होती. पण कुणाला दिलं ते त्यांनी त्या बोटालासुद्धा सांगितलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष कुणीही होवो, त्यांना चिंता गुरुवारची होती.

लेक सफाची कूस वर्षानुवर्षं रिकामी. डॉक्टर झाले, ताईत झाले, जावयाच्या आईचे टोमणेही पोटभर झाले. शेवटी हज्जा सय्यदी बदवींच्या दर्ग्याच्या जाळीला धरून म्हणाल्या होत्या, “देवा, या तुझ्या लाडक्याच्या पुण्याईनं माझ्या सफाची ओटी भर. बाळाच्या चाळिसाव्याला माझ्या दारात शेख मुहर्रमांचं गाणं करीन, व्हायोलिन, बासरी, डफ, सगळ्यासकट. आणि सकाळी याच्या कबरीवर हिरवी चादर घालीन.” बाळ झालं. येत्या गुरुवारी त्याचे चाळीस दिवस भरत होते. शेख मुहर्रम म्हणजे पैगंबरांची स्तुती गाणारा नुसता गळा नव्हे. गाता गाता थांबून दोन शब्द सांगतील, लोक हसतील, रडतील, आणि पुढच्या ओळीला आपलीच लबाडी आपल्याला दिसेल. असा माणूस मिळणं सोपं नाही. अन् देवाला दिलेला शब्द काही निवडणुकीतला शब्द नव्हता, नंतर बघू म्हणायला.

टीव्हीवर न्यायाधीश महाराज वाचत होते. कोणत्या गावातल्या पेटीविषयी कुणी तक्रार केली, ती का फेटाळली. मग पुढचं गाव. मग त्याच्या पुढचं.

“नाव सांगा की हो!” न्हाव्यानं टीव्हीलाच हात जोडले. “गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर ठेवून आलोय. राहिलेली काढायची की ठेवायची ते तुमच्यावर आहे.”

हाजी शौकी मात्र गालात हसत होते. “इतकं पाल्हाळ कशासाठी? जनरलच आलेत. आधी लोकांना पेंग आणायची, मग हळूच सांगायचं. दाढीवाले असते तर बिस्मिल्ला म्हणताच सांगून मोकळे झाले असते.”

“हाजी, जरा दम धरा,” हज्जा म्हणाल्या.

पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पहिलं अभिनंदन आपलंच हवं, म्हणून हाजी शिडीवर चढले आणि दोन खांबांच्या मध्ये जनरलसाहेब झळकले. हाजी खाली उतरून जरा लांबून कौतुकानं पाहताहेत, तोच न्यायाधीशांनी नाव वाचलं.

प्राध्यापकांचं.

गल्लीत काय काय झालं ते सगळं एका दमात सांगता येणार नाही. कुणी सजद्यात जमिनीला कपाळ टेकलं, कुणी फटाके लावले. डॉक्टर इहाबनं टीव्ही बंद केला आणि ज्यांचा माणूस निवडून आला होता त्यांनी तो परत चालू केला. हाजी शौकी शिडीवर कसे चढले हे कुणी पाहिलं नाही, पण कापड उतरलेलं सगळ्यांनी पाहिलं. क्षणात दुसरं लागलं. घाईत उलटं लागलं, मग सरळ केलं.

“रब्बना युस्तुर,” डॉक्टर इहाब पुटपुटला. देवा, झाकून घे. “संपलं. मी कॅनडाला चाललो.”

“गेल्या वर्षीही चालला होतास, डॉक्टर,” शेजारची शिवणकाम करणारी उम्म गिर्गिस म्हणाली.

“तुला भीती नाही वाटत? तू तर ख्रिश्चन!”

“भीती वाटते रे. पण लांब बाह्यांच्या शिलाईचा दर आजच वाढवलाय. भीती भीतीच्या जागी.”

न्हावी दुकानात परत गेला, तर अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक म्हणालं, “राहू दे. उरलेली वाढू दे.” आणि पैसेही अर्धेच दिले.

दोन दिवसांत गल्लीतले गाल दाढीच्या खुंटांनी काळपट दिसू लागले. सगळ्यांत भरभरून वाढली ती हाजी शौकींची भक्ती. आले वारे, सूप फिरे. पण हाजींचं सूप वाऱ्याच्याही पुढे धावत होतं. खांबावरचे जनरल अख्ख्या गल्लीनं पाहिले होते, आणि गल्लीत इखवानच्या पक्षाचं कार्यालय होतं. ते कार्यालय सांभाळणारे उस्ताज रमझी, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे, त्यांच्या दुकानावरून जाताना नुसतं ‘सलाम’ म्हणाले, ‘सलाम हाजी’ म्हणाले नाहीत, यानं हाजींची झोप उडाली होती. ते दुकानात मोठ्या आवाजात कुराणपठण लावून बसू लागले.

हज्जा नफीसा मंगळवारी तिथे गेल्या.

“हाजी, गुरुवारची आठवण करायला आले. मंडप, खुर्च्या, आणि शेखसाहेबांसाठी मागे चांगला पडदा.”

हाजींनी पठणाचा आवाज आणखी वाढवला. “हज्जा, काळ बदलला. तारेची वाद्यं… बायका-पुरुष एका गल्लीत… दर्ग्याचा नवस… नव्या लोकांना चालायचं नाही.”

“कोण म्हणालं?”

“म्हणायला कशाला हवं? माणसानं ओळखावं.”

“ओळखायला गेलात तेव्हा काय लटकलं ते पाहिलं आम्ही.”

हाजींचा चेहरा पडला. “शिवाय सामान शिल्लकच नाही. गुरुवारीच चौकात विजयसभा आहे. सगळा मंडप मी तिथे दिला. फुकट. पुण्याचं काम!”

“माझ्या सफाच्या लग्नात तर तुम्ही तुटलेल्या खुर्चीचेही पैसे लावले होते.”

“तेव्हा अज्ञानाचा काळ होता, हज्जा.”

हज्जा घरी येऊन बाळाशेजारी बसल्या. सफा म्हणाली, “आई, पुढच्या महिन्यात करू. वातावरण निवळू दे.”

“अगं, तुझी कूस भरताना त्यानं वातावरण पाहिलं का?” हज्जांनी बाळाच्या कपाळावरून हात फिरवला. “चाळिसाव्याला म्हणाले होते, चाळिसाव्यालाच होणार. मंडप नसेल तर आभाळ आहे. ते कुणी विजयसभेला दिलेलं नाही.”

त्यांनी शेख मुहर्रमांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं: मंडप नाही, गल्ली घाबरली आहे, नवी राजवट काय म्हणेल ठाऊक नाही.

“चहा मिळेल ना?” शेख म्हणाले.

“मिळेल की.”

“मग अडचण काय? मी राजवटीसाठी गात नाही, माई. राजवटीला सुराचं अंग नसतं. जुनीलाही नव्हतं.”

उम्म गिर्गिसनं कबरीवरची हिरवी चादर शिवून दिली, चांगली लांबरुंद, कडेला सोनेरी पट्टी. शिलाई विचारली तर म्हणाली, “त्या सय्यदीला सांग, माझ्या गिर्गिसच्या परीक्षेकडेही बघ. तो काही कुणाचा धर्म विचारून ऐकत नाही.”

गुरुवारी रात्रीची, इशाची नमाज झाली. घराघरांतून चटया आल्या, स्वयंपाकघरातली स्टुलं आली, कॅनडाला निघालेल्या डॉक्टर इहाबनं दुकानाची बाकडी बाहेर काढली. शेख मुहर्रम आले, म्हातारा व्हायोलिनवाला आला, बासरीवाला, डफवाला आले आणि उम्म गिर्गिसच्या गच्चीखालच्या भिंतीला पाठ लावून बसले. चटया निम्म्या रिकाम्याच. लोक खिडक्यांतून पाहत होते. खिडकीतून ऐकलं तर कुणी ‘हजर होता’ म्हणू शकत नाही.

आणि उस्ताज रमझी आले. हातात नव्या राष्ट्राध्यक्षांची तसबीर.

खिडक्या हळूच लोटल्या गेल्या.

“हज्जा, मुबारक!” उस्ताज म्हणाले. “आमचा काही विरोध नाही हं. उलट आनंदच आहे. फक्त ही तसबीर शेखसाहेबांच्या मागे लावू, आणि गाण्याआधी मी दोन शब्द बोलतो.”

लोक घाबरले होते ते बंदी येईल म्हणून. आली होती ती मेहेरबानी, तसबिरीसकट.

हज्जांनी तसबिरीकडे पाहिलं, मग उस्ताजांकडे. “बाळा, नवस देवाला बोललेय. त्यात मध्ये तिसरा नको. तसबिरीलाही बसायचं असेल तर बसू दे, इथे, चटईवर, सगळ्यांबरोबर. अन् दोन शब्द म्हणालास ना?”

“हो, फक्त दोनच.”

“अस्सलामु अलैकुम. झाले दोन. बैस.”

खिडकीमागून कुणीतरी फिस्सकन हसलं. उस्ताज लाल झाले. उठून जातात की काय असं वाटलं. पण तेवढ्यात व्हायोलिनवाल्यानं तारेवरून गज ओढला, आणि उस्ताजांचे पाय तिथेच राहिले. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यांनीही याच मशिदीसमोर हेच सूर ऐकले होते. पक्षाच्या बैठकीत ते असलं काही सांगत नसत. तसबीर मांडीवर पालथी घालून ते बसले.

शेखांनी डोळे मिटले.

*किती आले नि गेले धनी, दार तुझे ना मिटले कधी;*
*हात रिकामा घेऊन आलो, भरून गेलो येण्याआधी.*

आता यावर चेष्टा करवत नाही. तो आवाज आधी हळू आला, दारात उभा राहिल्यासारखा, मग घरच्यासारखा आत आला. शेख थांबले आणि बोलल्यासारखं म्हणाले, “अरे, दरवाजा उघडाच आहे, तर खिडकीतून काय डोकावता?” आणि पुढची ओळ धरली. खिडक्या उघडल्या, मग दारं उघडली. लोक जिने उतरून खाली आले. चटया भरल्या, जमिनीवर माणसं बसली, आणि शेखांनी ‘मदद’ म्हणून सय्यदींना हाक घातली तशी अख्खी गल्ली डावीकडून उजवीकडे डोलू लागली. उस्ताज रमझीही डोलू लागले. त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

ही बातमी चौकात पोचली. विजयसभेत भाषणं चालली होती आणि हाजी शौकी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. कुणी कानात सांगितलं, “उस्ताज तिकडे आहेत. रडतायत. मंडप कुणी दिला नाही म्हणून विचारत होते म्हणे.” शेवटचं वाक्य सांगणाऱ्यानं पदरचं घातलं होतं, पण हाजींना तेवढंच ऐकू आलं.

ते दुकानात धावले. सगळं सामान चौकात अडकलेलं. एक दिव्यांची माळ मिळाली आणि कोपऱ्यात घडी केलेलं एक पांढरं कापड. रंगवलेली बाजू मागे टाकली की झाला पडदा! घामाघूम होत हाजी गल्लीत आले. “पडदा आणला! शेखसाहेबांसाठी पडदा! माझ्याकडून!” गच्चीच्या कठड्याला त्यांनी आधी माळ बांधली, तिच्यापुढे कापड सोडलं, आणि बटण दाबलं.

दिवे कापडाच्या मागे होते.

शेखांच्या डोक्यावर लखलखीत प्रकाशात जनरलसाहेबांचं हार्दिक अभिनंदन उमटलं. अक्षरं उलटी होती, पण ते नाव त्या गल्लीला उलटंसुलटं पाठ होतं. खाली शुभेच्छुकही स्पष्ट दिसत होते, पुत्रासकट.

बासरी थांबली. डॉक्टर इहाबनं तोंडात रुमाल कोंबला. उस्ताज रमझींनी मान वर करून वाचायला सुरुवात केली. रसायनशास्त्राचा माणूस, उलटं वाचायलाही वेळ लागेना. हाजी शौकी कठड्याला धरून उभे होते, आणि आता पडतात की मग, एवढाच प्रश्न होता. एखादा शब्द कुणी काढला असता तर हाजींना त्या गल्लीत पुन्हा मान वर करता आली नसती.

हज्जा नफीसांनी बाळ सफाच्या हातात दिलं. आत गेल्या, आणि कबरीवरची हिरवी चादर घेऊन जिना चढल्या.

“आई, ती सकाळी दर्ग्यात…” सफा ओरडली.

“सकाळी जाईलच. सय्यदीनं जन्मभर लोकांचं झाकलं. आज आणखी एकाचं झाकेल, त्याला जड नाही.”

त्यांनी जनरलसाहेबांवर चादर सोडली. मागचे दिवे हिरव्या कापडातून झिरपले आणि गल्लीवर हिरवा उजेड पसरला. हाजींच्या ओठांवर ‘रब्बना युस्तुर’ होतं. गेले चार दिवस ते रोजच म्हणत होते. आज पहिल्यांदा ते कुणाला तरी ऐकू गेलं होतं.

“गा, शेखसाहेब,” हज्जा वरूनच म्हणाल्या. “आणि हाजी, ते कापड उद्या धुऊन माझ्याकडे पाठवा. बाळाची लंगोटं होतील.”

“पाठवतो, हज्जा. आजच पाठवतो.”

“घाई करू नका, घाईनंच तुमचा घात होतो. अन् ते दुसरं, प्राध्यापकांचंही, सभा संपली की द्या.” हज्जांनी उस्ताज रमझींकडे पाहिलं. “बाळ आहे. एक भिजलं की दुसरं लागतं.”

उस्ताजांनी क्षणभर ओठ आवळले. मग त्यांनाच हसू फुटलं, आणि त्या हसण्यावर शेख मुहर्रमांनी पुढची ओळ उचलली.