गाण्याआधीचं बोलणं

आवाज जपणाऱ्या संस्थेतली बाई आवाज बंद करून काम करते, असं कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण ती तसंच करत होती, आणि तिच्याइतकं सफाईदार काम त्या इमारतीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ऑफिसात सगळे तिला ‘कात्री’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई.

संस्थेच्या तळघरात जुन्या टेपांची कपाटं होती. होड्या वल्हवणाऱ्यांच्या हाका, बाळाला निजवायची गाणी, धुणं धुताना बायका म्हणायच्या ती गाणी, असं काय काय त्यात होतं. टेपा कुजायला लागल्या होत्या, कपाट उघडलं की आंबट वास यायचा. म्हणून सगळं संगणकात उतरवून घेतलं, आणि मग वरून हुकूम आला की हा साठा आता सगळ्या जगाला खुला करायचा. कुणीही यावं, फुकट उचलावं, त्याचं नवं गाणं करावं, नाटकात घालावं, त्यावर नाचावं. प्रमुखबाईंना ही कल्पना फार आवडली होती. पण त्यांची एक अट होती. लोकांना गाणं हवंय, म्हणायच्या, गाण्याआधीची खुर्च्यांची सरकवासरकव आणि खोकले नकोत.

तर ते कापायचं काम कात्रीचं. त्याला ऑफिसात ‘डोकं-शेपूट उडवणं’ म्हणत. पडद्यावर आवाजाची एक पट्टी दिसते. आधी बोलण्याचे बारीक उंचवटे, मग सपाट शांतता, मग गाणं वर चढतं. सरावलेल्या डोळ्याला ऐकायची गरजच पडत नाही. गाणं चढतं तिथे रेघ मारायची, अलीकडचं सगळं उडवायचं, तसंच शेवटी. ‘तपासलं’ या चौकोनात खूण केली की न कापलेली फाइल जागा वाचवायला आपोआप पुसली जायची. आणि टेपा तर केव्हाच ट्रकमध्ये भरून भंगारात गेल्या होत्या.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. गाण्याआधीचे ते बारीक उंचवटे म्हणजे तिचे वडील होते.

बाबांनी सारा जन्म याच संस्थेत काढला. मशीन खांद्याला लावून ते गावोगाव हिंडायचे आणि लोकांचे आवाज गोळा करून आणायचे. घरी यायचे ते कपडे बदलायला. मुलगी जन्मली तेव्हाही ते कुठल्याशा नदीवर होड्यांच्या हाका भरत बसले होते. ते गेल्यानंतर वर्षभरात हे कापाकापीचं काम निघालं आणि पहिल्याच दिवशी तिने हेडफोन कानाला लावले, तर आत बाबा बोलले. “थांबा जरा. कुणी हलू नका. हं, सुरू करा बाई.” तिने हेडफोन काढून ठेवले, बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून घेतलं, तोंड धुऊन परत आली आणि आवाज बंद केला. त्यानंतर ती डोळ्यांनीच कापत गेली. कापलेलं काय आहे ते तिला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, आणि रोजचं काम तर उरकायला हवं होतं.

घरी आई होती. अर्धांगाच्या झटक्याने तिची डावी बाजू गेली होती आणि नजर त्याआधीच गेली होती. खिडकीपाशी तिची कॉट होती. दिवसभर शेजारची बाई लक्ष ठेवायची, संध्याकाळी कात्री घरी आली की तिला उठवून बसवायची, भरवायची, ऑफिसातल्या गमती सांगायची. आईची जीभ मात्र शाबूत होती, आणि ती पहिल्यापासून तिखट. नवऱ्याविषयी तर ती चाळीस वर्षं तिखटच बोलत आली होती.

म्हणूनच त्या संध्याकाळी कात्री दचकली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, “अगं, मला त्यांचा आवाज आठवेना झालाय. चेहरा दिसतो, चालणं दिसतं, चिडलेले दिसतात. आवाजच येत नाही.”

घरात बाबांचा आवाज कुठेच नव्हता. जगाचे आवाज भरून आणणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात कधी बटण दाबलं नाही. दिव्याखाली अंधार तो असा. पण कात्रीला तेव्हा त्याची काळजी वाटली नाही, उलट बरंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच आईने काहीतरी मागितलं होतं आणि ते आपल्या हातात होतं.

“एवढंच ना?” ती म्हणाली. “ऑफिसात ढिगाने आहे. उद्या आणते.”

दुसऱ्या दिवशी ती बसल्याबरोबर कामाला लागली. पहिली फाइल उघडली, आवाज चालू केला. पहिल्या सुरापासून गाणं. दुसरी उघडली. पहिल्या सुरापासून गाणं. दुपारी जेवायला ती उठली नाही. शेकडो बायका, होडीवाले, म्हातारे, पोरं तिच्या कानात स्वच्छ सुरात गात होती, आणि त्यांना “सुरू करा” म्हणणारा माणूस कुठेच नव्हता. न कापलेल्या फाइलींच्या जागी रिकामा फोल्डर होता. प्रत्येक चौकोनात तिचीच खूण होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, ती म्हण तिने शाळेत पाठ केली होती. आता तिला तिचा अर्थ कळला.

ती प्रमुखबाईंकडे गेली. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या की आधी सांगितलं असतंस तर एखादी वेगळी काढून ठेवली असती. बरोबरच होतं ते. पण आधी कुणाला सुचतं? मरणारा आणि विसरणारा माणूस आधी थोडाच कळवतो.

घरी जाऊन ती खोटं बोलली. मशीन बिघडलंय म्हणाली. मग किल्ली सापडत नाही म्हणाली, मग साहेब रजेवर आहेत म्हणाली. आई प्रत्येक वेळी “बरं” म्हणायची. त्या “बरं”मध्ये चाळीस वर्षांची सवय होती. नवऱ्याची वाट बघताना जे ती म्हणायची तेच ती आता मुलीला म्हणत होती. आणि मधल्या काळात तिचा घास कमी होत चालला होता. डॉक्टर म्हणाले, आता फार ओढाताण करू नका, जे मागतील ते द्या. कात्रीला हसावं की रडावं कळेना.

शेवटी तिने ड्रायव्हरकाकांना गाठलं. काका संस्थेची जुनी गाडी चालवायचे. बाबांच्या प्रत्येक फेरीत ते बरोबर असत, आणि पार्ट्यांमध्ये बाबांची नक्कल करून लोकांना हसवत. आता ते निवृत्त होऊन मुलाच्या दुकानात बसून असत. तिने त्यांना सगळं सांगितलं, आणि आईसाठी बाबांच्या आवाजात बोलाल का, असं विचारलं.

“बाळ, हे पाप आहे,” ते म्हणाले. “पण मी करीन.”

दुकानामागच्या खोलीत पोत्यांच्या राशींमध्ये बसून त्यांनी बाबांचं बोलणं बोलून दाखवलं, आणि कात्रीने ते भरून घेतलं. “थांबा जरा. कुणी हलू नका.” हुबेहूब होतं. घरी नेऊन तिने ते आईच्या कानाशी लावलं. आईने शांतपणे सगळं ऐकलं.

“ड्रायव्हर बरा आहे ना?” तिने विचारलं. “छातीत कफ दिसतोय त्याच्या. औषध घे म्हणावं.”

कात्रीने मशीन बंद केलं. मग कॉटच्या कडेला बसून तिने आईला खरं काय ते सांगून टाकलं. सगळं आपणच कापलं, ऐकवत नव्हतं म्हणून न ऐकता कापलं, आता काही उरलेलं नाही. आई रागावेल असं तिला वाटलं होतं. रागावली असती तर फार बरं झालं असतं. आई फक्त म्हणाली, “असू दे. त्यांचं असं कधी काय माझ्या वाट्याला आलं होतं?” आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

साठा खुला होऊन आता बरेच दिवस झाले होते आणि लोकांनी त्यातून केलेल्या नव्या गोष्टी संस्थेकडे यायला लागल्या होत्या. प्रमुखबाईंनी त्यांची स्पर्धा ठेवली होती. कुणी कुठलं जुनं गाणं वापरलंय हे पडताळून बघायचं काम कात्रीकडे आलं. इथे डोळ्यांनी भागत नव्हतं, ऐकावंच लागत होतं. होडीवाल्यांच्या हाका कुणी जाहिरातीसारख्या सजवल्या होत्या, बाळाच्या गाण्याखाली कुणी पियानो घातला होता. ती ऐकत होती, खुणा करत होती, आणि तिचं मन त्यात बिलकूल नव्हतं.

एक नाचायचं गाणं आलं. पाठवणारी कुणी परदेशातली मुलगी होती, हे शब्द तिला कळतही नसणार. सुरुवातीलाच छातीवर आदळणारा ढोल. कात्रीने वैतागून आवाज कमी करायला हात पुढे केला, आणि ढोलाच्या दोन ठोक्यांमधून बाबा म्हणाले, “थांबा जरा.”

ठोका. “थांबा जरा.” ठोका, ठोका. “थांबा जरा. थांबा जरा. थांबा जरा.” मग धुणं धुणाऱ्या बाईचं गाणं सुरू झालं, त्याखाली ढोल, आणि मधे मधे पुन्हा तेच दोन शब्द. कात्रीचा हात हवेतच राहिला.

खुलासा साधा होता. अगदी पहिल्यांदा, कापाकापी ठरायच्या आधी, प्रमुखबाईंनी नमुना म्हणून काही फाइली तशाच खुल्या केल्या होत्या आणि पुढे त्यांच्या जागी कापलेल्या ठेवल्या. कात्री ते साफ विसरून गेली होती. तेवढ्या दिवसांत या मुलीने एक फाइल उतरवून घेतली होती. कात्रीने तिला ताबडतोब कळवलं की मूळ फाइल कृपा करून पाठव. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. मुलीने मनापासून माफी मागितली होती. तिने हवा तेवढा तुकडा कापून घेतला होता आणि बाकीचं टाकून दिलं होतं. कात्रीला तिचा राग येईना. तो धंदा तिलाच चांगला माहीत होता.

मग तिने आपली सगळी हुशारी लावून त्या ठोक्यांमधून आवाज मोकळा करायचा प्रयत्न केला. ढोल थोडा गेला, पण त्याच्याबरोबर बाबांच्या आवाजातला खर्जही गेला. उरला तो डब्यात बोलल्यासारखा एक पत्र्याचा आवाज. तीच सफाई, तेच हात. तिने ते पुसून टाकलं आणि गाणं जसंच्या तसं, ढोलासकट, घरी नेलं.

आई आता जवळजवळ बोलतच नव्हती. शेजारची बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या उशाशी असला धांगडधिंगा सुरू झालेला पाहून तिने डोक्याला हात लावला. कात्रीने लक्ष दिलं नाही. तिने मशीन आईच्या उजव्या कानाशी धरलं.

ढोल वाजला. आईच्या कपाळाला आठी पडली. मग ते दोन शब्द आले.

आठी गेली. ड्रायव्हरच्या वेळी ती नुसती ऐकत होती, आता तिने मान उचलायचा प्रयत्न केला. कात्रीने तिच्या मानेखाली हात घातला. बाबा म्हणत होते, थांबा जरा, थांबा जरा, आणि आईचे ओठ त्याबरोबर हलत होते.

“हेच,” ती म्हणाली. “दारातून निघताना पण हेच. मी काही बोलायला गेले की हेच.” मग थोड्या वेळाने तिने विचारलं, “पुढे काय म्हणतात?”

पुढे काय म्हणायचे ते कात्रीला पाठ होतं. कुणी हलू नका, हं, सुरू करा बाई. ते तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा नक्कल ऐकवून झाली होती.

“पुढे काही नाही, आई. पुढे गाणं लागतं. ऐक ना, काय सुंदर गळा आहे त्या बाईचा.”

धुणेवालीचा आवाज खोलीभर पसरला. एकही खरखर नाही, एकही खोकला नाही.

“ते नको,” आई म्हणाली. “ते जगाला दिलंत ना, राहू दे जगाला. मागे ने.”

कात्रीने मागे नेलं. बाई गायला लागली की थांबवायचं आणि मागे न्यायचं, एवढंच काम तिला होतं, आणि ते ती ऐकून ऐकून करत होती. दर वेळी त्या दोन शब्दांनंतर बाबा पुढचं बोलायला श्वास घेत, तो स्पष्ट ऐकू यायचा, आणि नेमका तिथेच ढोल पडायचा. आई प्रत्येक वेळी कान टवकारायची.

“परत,” ती म्हणायची. “या वेळी बोलतील.”