ओतल्याचा पुरावा

झाकणाच्या कडेला पोचा होता आणि अंगठा आपोआप त्यातच जाऊन बसत होता — दुधाच्या किटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण, साथ ओसरून वर्ष उलटलं तरी भावाला परत न केलेलं, आता मदतीच्या अर्जांवर वजन म्हणून ठेवलेलं. पंखा लागला की सरकारची मदत टेबलभर उडायची; ती जागच्या जागी राहावी एवढी व्यवस्था त्या टेबलावरच्या कारकुनानं स्वतःच्या खर्चानं — बरं, भावाच्या खर्चानं — केली होती.

झाकणाखाली आता एकच अर्ज उरला होता. पाचला यादी बंद. अक्षर दादाचं, पेन कागदात रुतवून नांगरल्यासारखं. साथीत डेअरी बंद असताना किती दूध नष्ट करावे लागले? — 'काही नाही.' ओतून देतानाचा फोटो जोडला आहे काय? — 'नाही.' आणि समासात, जिथं काही लिहू नये असं छापलं होतं तिथं, 'दूध वाटलं.'

बाकीच्यांनी रीतसर ओतलं होतं. एकानं तर इस्त्रीचा शर्ट घालून. तीन अर्जांना एकाच बादलीचा फोटो होता, शेजारी तेच कुत्रं — मेहनती कुत्रं, तीन गोठे सांभाळणारं — आणि ते तिन्ही त्यानं सकाळीच मंजूर केले होते, कारण फोटो हवा असं नियमात होतं, कुत्रं वेगळं हवं असं नव्हतं.

"अहो, त्या एका कागदाकडे किती वेळ बघत बसणार?" पलीकडच्या टेबलावरून मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या सहीशिवाय यादी पुढे जात नसे. "आकडा नाही, फोटो नाही. मारा अपात्रचा शिक्का. नाहीतर विचारून आकडा घाला. पुण्यकर्माचा रकाना नाहीये आपल्याकडे."

विचारलं होतं त्यानं, दुपारी, फोनवर.

"दादा, थोडं तरी ओतलं असशील."

"ओतायचं कशाला? माणसं होती की प्यायला."

"निदान तसं लिही. मी बघतो पुढचं."

"तू काय बघतोस! तूच तर पीत होतास रोज." दादा हसला, मग वहिनीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "शुक्रवारी व्यापारी येतोय गाई न्यायला. पैसे येणार असले तर त्याला नको म्हणून कळवतो. येतील ना रे?"

'बघतो' म्हणाला तो. खिडकीवर रोज पन्नास जणांना द्यायचा तोच शब्द...

ताप होता तेव्हा — सतरा दिवस, खोलीत एकटा — सकाळी फाटकाशी किटली वाजायची. ती ठेवून दादा रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा, ओरडायचा, "आहेस ना रे?" आणि हा खिडकी न उघडता दिवा लावायचा, घालवायचा. आहे. तेवढंच. घसा दुखत होता हे खरं. पण ताप उतरल्यावरही... मी दिवाच लावत राहिलो. किटली तीनदा साबणानं धुवायचो. दूध त्याचं होतं, भीती माझी. शेवटच्या दिवशी किटली फाटकाला अडकवली आणि झाकण विसरलो. वहिनी तेव्हापासून त्या किटलीवर वाटी पालथी घालते, मागायला मात्र कुणी आलं नाही. ओतलेलं दूध गटारात गेलं, हे इथं, माझ्यात, सतरा दिवसांचं, साईसकट — त्याचा फोटो कुठून आणायचा?

त्यानं शिक्का उचलला, शाईवर टेकवला, परत ठेवला. पेन घेतलं. समासात दादाच्या दोन शब्दांपुढं थोडी जागा होती. 'कोणाला' हे सांगायला पुरेल इतकी. अर्जदार भाऊ आहे हे त्यानं बाईंना अजून सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी पंखा बंद केला, पर्स खांद्याला लावली. झाकण मघापासून त्याच्या हातात होतं आणि कागद तरीही जागचा हलला नव्हता.

"दिवे घालवू? का आहात अजून?"

हात टेबलावरच्या दिव्याच्या बटणाकडे गेला, सवयीनं, आणि अर्ध्यावर थांबला.

"आहे," तो म्हणाला — गरजेपेक्षा मोठ्यानं, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या.