म्यानावरचं नाव

म्यान नखाने खरवडायच्या आधीच तादोकोरोंना कळून चुकलं होतं. तरी त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, समोरच्या बाईंना बरं वाटावं म्हणून. साठी उलटल्यावर माणसाला खरं बोलायचाही कंटाळा येतो.

शिगेनोबाई उकाई सत्तरीच्या. दोन गाड्या बदलून योकोसुकातल्या तादोकोरोंच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आल्या होत्या. अमेरिकेतल्या एका सैनिकाच्या मुलाला, बाप गेल्यावर, माळ्यावर एक जपानी लष्करी तलवार सापडली. पातं इकडे आणायला कायद्याची आडकाठी, म्हणून त्याने नुसतं म्यान धाडलं. त्यावर पांढऱ्या रंगात नाव होतं, उकाई मुनेओ. बाईंचा थोरला भाऊ. चव्वेचाळीस साली फिलिपिन्सला गेला, आणि परत आली ती लाकडी पेटी. आत अस्थींऐवजी नाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी. गेली जवळजवळ पन्नास वर्षं बाई त्या चिठ्ठीच्या थडग्यावर फुलं वाहत होत्या. रंग त्या वेळचाच निघाला, तर म्यान तिथे ठेवायचं, एवढंच त्यांचं मागणं.

रंग ओळखण्यात तादोकोरोंचा हात धरणारा कुणी नव्हता. कारखान्यात आधी म्यान रंगवायचे, मग कडी चढवायचे. इथे रंग कडीवरही चढला होता. थिनरचा बोळा फिरवला तर हिरव्याखालून तांबडा निघाला, जहाजाच्या बुडाला लावतात तो. असला मेला उद्योग करणारा या गावात एकच होता.

"ताई, हा रंग लढाईनंतरचा आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मीच दिलाय."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. शेहेचाळीस साली ते सोळा वर्षांचे होते. अमेरिकन शिपायांना घरी न्यायला तलवारी हव्या असायच्या, तर म्यानं गंजलेली. गोदीतला उरलासुरला रंग आणून ते ती नवी करून द्यायचे. वर नाव असलं की शिपाई जास्तच खूश. नावं लोकांच्या दारांवरच्या पाट्यांवरून उचलायची.

"आमच्या दारावरून?"

"उतारावरचं घर का? शेजारी हौद?"

बाईंनी मान डोलावली. "लाज नाही वाटली तुम्हाला?"

"तेव्हा भूक लागायची, ताई. लाज मागाहून वाटायला लागली, ती अजून वाटते."

बाईंनी म्यानावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, अक्षर कुणाचं?

"माझं अक्षर गिचमिड. लोक हसतील म्हणून पाटीवर पातळ कागद धरून जसंच्या तसं गिरवून आणायचो."

"ती पाटी त्यानं स्वतः लिहिली होती," शिगेनोबाई हळूच म्हणाल्या. "निघायच्या आदल्या दिवशी. आई काढूच देईना. पुढं घर जळालं, तेव्हा पाटीही गेली. त्याच्या हातचं दुसरं काही नाही माझ्याकडं."

तादोकोरोंनी दाखल्याचा कोरा कागद पुढे ओढला. दाखल्यावर मूळचाच रंग म्हणून लिहितो, माझा शब्द कुणी मोडत नाही, असं ते म्हणाले.

"नको. खरं तेच लिहा."

त्यांनी लिहिलं, रंग मूळचा नाही. खाली शिक्का मारला. तोवर शिगेनोबाईंनी त्यांच्या हाताजवळचा बोळा दूर सारला, थिनरच्या बाटलीला घट्ट झाकण लावलं आणि मग म्यानाचं गाठोडं बांधायला घेतलं.