वळणापाशी तुटणारा फोन

मी एक जुना बिनतारी फोन आहे, मित्रांनो, आणि माझ्यात एक खोट आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही उगाच माझी बाजू घेणार नाही. एकदा धरलेलं मला सोडवत नाही.

कारखान्यात मला टेबलावर ठेवून तपासलं. टेबल जागचं हललं नाही, मीही हललो नाही, आणि मी पास झालो. तिथून मी एका वृद्धाश्रमात आलो. तेव्हा इमारत लहान होती. जेवणघराच्या छताला वायफायचा एकच डबा होता आणि त्याच्या जोरावर मी सगळीकडे बोलायचो. चार वेळा फरशीवर आपटलो, एकदा अंगावर अख्खा कपभर चहा सांडला. सगळ्यांचं करणाऱ्या मावशी मला फडक्याने पुसून म्हणायच्या, "हा काही मरायचा नाही." ते ऐकून मी मनातल्या मनात फुशारून जायचो.

मग इमारतीला लागून नव्या खोल्या बांधल्या आणि तिकडे दुसरा डबा बसवला. माणूस मला घेऊन चालू लागला की मागे राहिलेल्या डब्याची रेंज कमी होते, पुढच्याची वाढते. शहाणा फोन वेळीच मागचा सोडून पुढचा धरतो आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी मात्र मागच्यालाच चिकटून राहतो. आवाज फाटला, शब्द गळाले तरी सोडत नाही. शेवटी तो आपोआप सुटतो, आणि पुढच्याशी माझी ओळखपाळख होईपर्यंत फोन तुटलेला असतो. जेवणघरातून नऊ नंबरच्या खोलीकडे जाताना एक वळण लागतं. तिथे हे हमखास व्हायचं.

नऊ नंबरमध्ये सर राहायचे. निवृत्त मुख्याध्यापक, चाकांच्या खुर्चीत बसलेले, पण मान कायम ताठ. सात वर्षांपूर्वी त्यांची बायको आजारी पडली आणि मुलगी शेवटच्या भेटीला उशिरा पोहोचली. सरांनी तिला नको नको ते ऐकवलं आणि पुढे तिचा फोन आला तेव्हा तो आपटला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आणि एका रविवारी दुपारी अचानक तिचा फोन आला. ऑफिसातून तो माझ्याकडे जोडून दिला आणि मावशींनी मला जेवणघरात सरांच्या हातात ठेवलं.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो. तू?"

"हो. बाबा, मला आईच्या वेळचं बोलायचंय."

भोवती दहा-बारा माणसं होती आणि चारचौघांत डोळे पुसणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी मावशींना खूण केली, खुर्ची खोलीकडे निघाली, वळण आलं आणि फोन तुटला.

मित्रांनो, फोन तुटला काय आणि ठेवला काय, पलीकडे आवाज एकच येतो. मुलीला वाटलं असणार, विषय काढताच बाबांनी ठेवला. सरांना वाटलं, जरा उशीर झाला तर हिने ठेवला.

"सर, फोनच तसला आहे," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरांशी बोलतानाही तुटतो."

"माझी समजूत काढू नका," सर म्हणाले.

महिन्याने तिने पुन्हा फोन केला. मागच्या वेळेबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही. बाप तशी लेक. पुन्हा तोच विषय, पुन्हा तीच खूण, पुन्हा तेच वळण.

मावशींनी ऑफिसात भांडून वायफायवाल्याला बोलावून घेतलं. तो एकेका डब्याखाली उभा राहिला, मला बघितलं आणि म्हणाला, "फुल रेंज आहे की!"

"अहो, चालताना तुटतो."

"मग चालता कशाला? उभं राहून बोला." तो स्वतःच हसला. मावशींचं समाधान व्हावं म्हणून त्याने जेवणघरातल्या डब्याचा जोर वाढवून दिला. तो आणखी दांडगा झाला आणि मी त्याला आणखी घट्ट चिकटलो. त्या माणसाने मला हातात घेऊन वीस पावलं चालून बघितलं असतं, तर आज ही कहाणी सांगायची वेळ माझ्यावर आली नसती.

तिसरा फोन आला. मुलीचा आवाज बसलेला होता.

"बाबा, मी गुरुवारी परदेशी चाललेय. परत कधी येईन माहीत नाही. त्याआधी भेटायला येऊ का? नको असेल तर काही बोलू नका. नुसता फोन ठेवून द्या, मला कळेल."

सरांनी भोवतीच्या माणसांकडे पाहिलं. हाताने त्यांनी खोलीकडे दाखवलं. मावशींनी खुर्ची भरभर ढकलली. मी जीव खाऊन प्रयत्न केला, मित्रांनो, पण वळणापाशी व्हायचं तेच झालं. खोलीचं दार लागलं आणि मग सर बोलू लागले.

"ये गं. उद्याच ये. तुझी काही चूक नव्हती. गाड्याच बंद होत्या, तू तरी काय करणार होतीस? मला सगळं माहीत होतं. तुझी आई गेली, कुणावर तरी चिडायचं होतं, म्हणून तुझ्यावर चिडलो..." बराच वेळ बोलले. मग थांबून म्हणाले, "ऐकतेयस ना?"

मी मुका होतो.

सरांना कळायला एक क्षण लागला. मग ते ओरडले, "मावशी, लावा! तिला लावा!" पण फोन ऑफिसातून जोडून यायचे, त्यामुळे माझ्यावर तिचा नंबर कधी उमटलाच नव्हता, आणि ऑफिसातल्या जुन्या फोनवर नंबर दिसायचाच नाही. ऑफिसातल्या जुन्या फॉर्मवर जो होता, तो केव्हाच बंद पडला होता. सर मला मांडीवर घेऊन जेवणघरात डब्याखाली बसून राहिले. सगळ्यांदेखत रडले. जेवण तिथेच, औषधं तिथेच. गुरुवार आला आणि गेला. मी वाजलो नाही.

आता नवे फोन आलेत. वळण कधी सरलं, हे त्यांना कळतही नाही. मी ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि मला बाहेर काढा असं मी म्हणणार नाही. फक्त, मित्रांनो, बोलणं मध्येच थांबलं तर समोरच्याने ठेवला असं समजू नका, पुन्हा लावा. आणि ती तुम्हाला कधी कुठे भेटली, तर तिला एवढंच सांगा, की बाबांनी फोन ठेवला नव्हता.